मामांची ढाबळ आणि जंतांचं औषध

लग्न होऊन मी वडवणीला आले तेव्हा वाटायचं, आपल्या शिक्षणाचा सासरी झालाच तर एवढाच उपयोग होईल, की घरात कुणाची शुगर तपासायची वेळ आली तर सुई मी टोचेन. अंबाजोगाईला मी लॅबचा कोर्स केला होता. लग्नानंतर बसस्टँडजवळ एक गाळा घेतला, आत टेबल, सूक्ष्मदर्शक, फ्रिज असं सगळं मांडलं आणि बाहेर बोर्ड लावला. तालुक्याच्या गावात रक्त-लघवी तपासणाऱ्या बाईला काम कमी पडत नाही. बाजाराच्या दिवशी तर बसायला बाकडं पुरायचं नाही. पण पुढं याच टेबलावर मी कबुतरांची शीट तपासत बसेन, असं कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी हसले असते.

कबुतरं माझ्या सासऱ्यांची. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या, म्हणून मीही तसंच म्हणते. मामांचा जन्म मेंढरांच्या कळपामागं गेला. आता कळप राहिला नाही, घरामागच्या गोठ्यात शेळ्या तेवढ्या आहेत. मामा आणि आत्या त्यांचं बघतात आणि माझा नवरा जवळच्या खेड्यात शाळेवर मास्तर आहे. पण मामांचा जीव अडकलेला तो गच्चीवर. तिथं त्यांनी स्वतःच्या हातानं लाकडी फळ्या आणि जाळी ठोकून ढाबळ बांधली होती. कबुतरांचं ते घर आमच्या स्वैपाकघरापेक्षा हवेशीर होतं, असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

ही कबुतरं शर्यतीची. लांब नेऊन सोडली की सूर्य, वारा, डोंगर कशाकशाचा अंदाज घेत घरी परत येणारी. हिवाळ्यात त्यांच्या शर्यती होतात. आसपासच्या गावांतले शौकीन आपापली पाखरं एका टेम्पोत घालतात, टेम्पो रात्रीतून दूर जातो आणि उजाडल्यावर सगळी एकदम सोडतात. पाखरू घरी उतरून ढाबळीत शिरलं की मालकानं पायातल्या कडीसकट त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. मग कुणाचं गाव किती लांब आणि पाखरू किती वेळात आलं याचा हिशोब होऊन नंबर लागतो. सरावाचं काम माझ्या नवऱ्याकडं. शाळेला जाताना मोटारसायकलच्या मागं टोपली बांधायची आणि वाटेत पाखरं माळावर सोडायची. हा शाळेच्या फाटकात पोचेपर्यंत पाखरं घरी दाणे टिपत असायची.

एका हिवाळ्यात मात्र ती येईनाशी झाली. म्हणजे यायची, पण उशिरा. आली तरी ढाबळीत शिरायची नाहीत, शेजारच्या पत्र्यावर पिसं फुगवून बसून राहायची. मामांची एक निळी मादी होती, पंखांवर दोन काळे पट्टे असलेली. आधीच्या दोन हंगामांत तिनं मामांची मान उंच ठेवली होती. ती एका शर्यतीत दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आली. खरंच चालत आली. गल्लीतून, कोंबडीसारखी.

मामांनी त्यांना येईल ते सगळं केलं. लसूण ठेचून पाण्यात घातला. ओव्याचं पाणी दिलं. कडुनिंबाचा पाला वाटून त्याच्या गोळ्या केल्या. दाण्यात करडई वाढवली. पाखरं खायची भरपूर आणि तरी अंगाला काही लागायचं नाही. उन्हाळा गेला, पाऊसकाळही सरत आला, तरी तेच. शीट पातळ, हिरवी आणि चिकट पडायची. एकदा मामांनी त्या निळ्या मादीला माझ्या हातात दिलं आणि छातीवर बोट फिरवायला सांगितलं. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं.

मी म्हटलं, "मामा, पोटात जंत असतील."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांबद्दल वाईट बोलले होते.

"जंत शेळीला व्हत्यात," ते म्हणाले. "शेळीचं तोंड जमिनीला असतंय. ह्ये पाखरू हाय. आभाळात फिरतंय. ह्याला जंत कावून व्हतील?"

गंमत अशी, की शेळ्यांच्या बाबतीत मामा एकदम कडक. पावसाळ्याच्या तोंडाला एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा जंतांचं औषध पाजायचं म्हणजे पाजायचं. लग्नाची तारीख पुढंमागं होईल, शेळ्यांचं औषध नाही. गल्लीतल्या कुणाची शेळी खंगलेली दिसली तर मामा न विचारता जाऊन सांगून यायचे. पण शेळी खाली आणि पाखरू वर, अशी त्यांच्या मनात एक रेघ होती. मी म्हटलं, उडतं आभाळात खरं, पण दाणे तर खालीच टिपतं ना, आणि जिथं टिपतं तिथंच शीट टाकतं. मामा पाखरू माझ्या हातातून घेऊन निघून गेले.

मी शीट तपासून बघते म्हणाले, तर त्यालाही नाही. लॅब माणसांची आहे, तिथं लोक आजारपण घेऊन येतात, त्यांच्यात आपल्या ढाबळीची घाण नेऊन चारचौघांत हसं करून घ्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. विषय तिथं संपला.

संपवू दिला नाही तो आत्यांनी. आत्यांना कबुतरांचं प्रेम अजिबात नव्हतं. वाळवणावर बसतात, पत्र्यावर घाण करतात, ही त्यांची कायमची तक्रार. पण पाखरं आजारी पडल्यापासून मामा घरात धड बोलत नव्हते आणि जेवणात कशालाच चव नाही म्हणत होते. आत्यांना पाखरांपेक्षा ते जास्त झोंबलं होतं. एक दिवस दुपारी मी लॅबमध्ये डबा उघडला. खालच्या खणात भाकरी, मधल्यात मेथीची भाजी आणि वरच्यात एक छोटी प्लास्टिकची डबी, घट्ट झाकण लावलेली. मला वाटलं, लोणचं असेल. उघडल्यावर कळलं.

घरी फोन केला तर आत्या शांतपणे म्हणाल्या, "झाकण पक्कं लावलं हुतं की मी. आता बघून सांग काय ते."

त्या दिवशी जेवण राहिलं. पण बाकड्यावरचे पेशंट गेल्यावर मी कामाला लागले. पाण्यात मीठ विरघळवायचं, आणखी विरघळेना इतकं. त्यात शीट ढवळायची, चहाच्या गाळणीनं गाळायची, नळीत काठोकाठ भरायची आणि वर काचेचा पातळ तुकडा ठेवून थांबायचं. जंतांची अंडी हलकी, दाट मिठाच्या पाण्यात ती वर तरंगून काचेला चिकटतात. ती गाळणी मी नंतर लॅबलाच देऊन टाकली आणि घरी दुसरी आणली, हे आधीच सांगून ठेवते.

काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मला शोधावंच लागलं नाही. लिंबाच्या आकाराची अंडी, दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखं. माणसांच्या तपासणीतही अशाच घडणीचं अंडं कधीमधी दिसतं, त्यामुळं डोळ्याला ओळख होती. ही आतड्याला चिकटणाऱ्या, केसासारख्या बारीक जंतांची. त्यांच्या अधूनमधून मोठी, गुळगुळीत, लांबट गोल अंडी होती, ती पांढऱ्या गोल जंतांची. म्हणजे एक नाही, दोन प्रकार. पाखरं दाणे खात होती आणि जंत पाखरं खात होते.

संध्याकाळी मी मामांना लॅबवर बोलावलं. कारण सांगितलं नाही, फक्त या म्हटलं. ते आले, टोपी सावरत स्टुलावर बसले आणि मी सांगितलं तसा एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला. बाहेर बीडची बस लागली होती, वाहकाची शिट्टी झाली, बस गेली, तरी मामा हलले नाहीत.

"लिंबू दिसतंय," ते शेवटी म्हणाले.

"ते जंताचं अंडं आहे मामा. आपल्या ढाबळीतलं."

ही शीट इथं आली कशी, असं त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं त्यांना कळलं होतं, कारण त्या रात्री त्यांनी आत्यांना मेथीची भाजी बरी झालीय असं सांगितलं, जे आदल्या कित्येक दिवसांत त्यांनी कशालाच म्हटलं नव्हतं. लॅबमध्ये मात्र ते एवढंच म्हणाले, "शेळीला दोनदा पाजलं. ह्यास्नी एकदा बी न्हाई."

मग औषधाचा प्रश्न आला. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते, ते गाई-म्हशी-शेळ्यांचे. मी त्यांना अहवाल दाखवला. ते भले गृहस्थ, त्यांनी सरळ सांगून टाकलं, की शर्यतीच्या कबुतरांना औषध देण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलेला नाही, पक्ष्यांमध्ये काम करणाऱ्या एका मित्राला विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावलं. शेळ्यांना जे औषध आपण डोळे झाकून देतो, ते आत्ता द्यायचं नाही म्हणाले. पाऊसकाळ सरताना कबुतरं जुनी पिसं टाकतात, नवी येत असतात, आणि त्या औषधानं नवी पिसं वेडीवाकडी निघतात. पंखच गेला तर शर्यत कसली? म्हणून त्यांनी दुसरं औषध लिहून दिलं. त्यानं पाखरं ओकतील, घाबरायचं नाही. उपाशीपोटी द्यायचं, वजनावर द्यायचं, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा द्यायचं, कारण पहिल्या वेळी ज्यांची वाढ पुरती झालेली नसते ते जंत मागं राहतात.

हे ऐकून मामांचा चेहरा जरा खुलला. दोनदा द्यायचं हे त्यांना ओळखीचं होतं.

पण वजनावर म्हणजे कबुतराचं वजन करायला हवं आणि कबुतर काट्यावर बसून राहत नाही. आत्यांचा स्वैपाकातला छोटा काटा होता. त्यावर पहिलं पाखरू ठेवलं, ते उडून फ्रिजवर बसलं. शेवटी माझ्या नवऱ्याच्या जुन्या मोज्याचं टोक कापलं आणि त्यात पाखरू सरकवलं. डोकं एका बाजूनं बाहेर, शेपूट दुसऱ्या बाजूनं, पंख आत आवळलेले. पाखरू एकदम गप्प. नवरा म्हणाला, माझा मोजा घरात इतका मानाचा कधी नव्हता. मामा पाखरू धरायचे, तो वजन सांगायचा, मी सुई काढलेल्या सिरिंजमधून चोचीच्या कडेनं थेंब सोडायची. आत्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून, आपण इथं सहज आलोय असं दाखवत होत्या.

थोड्या वेळानं ढाबळीत ओकाऱ्यांचा एकच गोंधळ झाला. मामा कासावीस. आत-बाहेर करत होते, मला विचारत होते, डॉक्टरांनी सांगितलं तेच ना हे, तेवढंच ना? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फळीवर टाकलेल्या कागदावर पांढरे दोरे दाखवले. शेवयांसारखे, पण वळवळणारे. त्या आठवड्यात आमच्या घरात शेवया झाल्या नाहीत.

औषधानं अर्धं काम होतं, उरलेलं अर्धं ढाबळीत होतं. शीटेतून अंडी खाली पडतात, ओल असली की ती पिकतात आणि दाण्याबरोबर परत पोटात जातात. आणि ओल होती. ढाबळीच्या वरच पाण्याची टाकी, तिच्या जोडाला बारीक गळती, एक कोपरा बारा महिने दमट. मामांनी ती गळती काढून टाकली. खालचा भुसा जाळला. फळ्या खरवडल्या, उन्हात वाळवल्या, वरून चुना मारला. जमिनीपासून वीतभर उंचीवर जाळी ठोकली, म्हणजे शीट खाली पडेल आणि पाखरांचा पाय तिला लागणार नाही. दाणे टाकायला लाकडी नळीसारखी गव्हाण केली, तिला वरून दांडी, म्हणजे पाखरू आत चढून घाण करणार नाही. मेंढरांच्या कळपात वाढलेला माणूस, गव्हाण कशी असावी हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

एवढं सगळं झालं आणि मामा अजूनही गप्प गप्पच होते. पाखरं सुधारत होती, ते मात्र कुठंतरी आत मिटलेले. त्याचं कारण मला आत्यांकडून कळलं.

मामांचे एक दोस्त तेलगावचे. ऊस आणि कापसाचं मोठं शिवार, गावच्या राजकारणात वजन, गळ्यात कायम पांढरा रुमाल. या दोघांची ओळख लहानपणची. मामांच्या घरचा कळप त्यांच्या शेतात खतासाठी बसायला यायचा. मेंढरं बसलेल्या रानाला वेगळं खत लागत नाही, म्हणून शेतकरी बोलावून नेत. वडीलधारी माणसं कळपाचं बघत असताना ही दोन पोरं विहिरीच्या कपारीतली कबुतरं धरायला दोर सोडून खाली उतरायची. तिथून लागलेला हा नाद. एकाला जमीन होती, एकाला नव्हती, पण कबुतरांच्या बाबतीत दोघं बरोबरीचे, एकमेकांना पाव्हणं म्हणणारे आणि शर्यतीत एकमेकांना हरवायला टपलेले. तर गेल्या हंगामाच्या सुरुवातीला या पाव्हण्यांनी मामांना स्वतःच्या ढाबळीतली एक उत्तम जोडी भेट दिली होती. मामांनी ती त्याच दिवशी आनंदानं आपल्या पाखरांत सोडली. आणि त्यानंतरच आजार सुरू झाला.

आता मामांना सांगता येईना आणि गप्पही राहवेना. सांगावं तर, तुझी भेट किडकी निघाली असं म्हटल्यासारखं. न सांगावं तर त्याची पाखरं तशीच खंगत राहतील. म्हणून मामांनी सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग धरला. तेलगावचा फोन उचलायचा नाही.

मी मामांना म्हटलं, कुणी कुणाला दिलं हे सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. जंताच्या अंड्यावर गावाचं नाव नसतं. टेम्पोतल्या खोक्यांत सगळ्या गावांची पाखरं एकत्र असतात, खोकी कुणी धूत नाही. तिथून आले असतील. विहिरीवरची रानटी कबुतरं आपल्या गच्चीवर उतरतात, त्यांच्याकडून आले असतील. मामांनी ऐकून घेतलं. पण फोन वाजला की ते जिन्यानं वर निघून जायचे.

एका रविवारी तो असाच वाजत राहिला आणि मामा वर गेले. मी कणीक मळत होते. आत्यांनी पदराला हात पुसले आणि फोन उचलला. तिकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही. आत्या म्हणाल्या, "त्यांस्नी काई बी झालेलं न्हाई. पाखरांच्या पोटात जंत झालते. तुमाला वाईट वाटंल म्हून तोंड लपवून गच्चीवर बसलेत. तुमीच या अन् खाली उतरवा."

मी कणकेत हात तसेच ठेवून त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, चहाला दूध जास्त घे.

दुपारी पांढरी गाडी दारात उभी राहिली. पाव्हणे उतरले ते हातात काड्यापेटी घेऊन. मामा एव्हाना खाली आले होते, ओसरीवर उभे होते. दोघं एकमेकांसमोर आले. मग पाव्हणे म्हणाले,

"फोन कावून उचलीत न्हाईत?"

"पाखरं आजारी हुती."

"पाखरं फोन उचलत्यात का बे?"

मामा हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "तुमी जीव लावून दिलेली जोडी. तोंडावर सांगायला मन धजंना."

पाव्हणे बाजेवर बसले. त्यांनी गळ्यातला रुमाल काढून मांडीवर घडी करून ठेवला. मग म्हणाले, की त्यांचीही पाखरं उन्हाळ्यापासून वाळत होती आणि त्यांनीही ते कुणाला सांगितलं नव्हतं. एवढं मोठं नाव, लोक म्हणतील पाव्हण्यांची ढाबळ बसली. मामा फोन उचलेनात तेव्हा त्यांना वाटलं, गेल्या शर्यतीत हरले म्हणून रुसले असतील. आज वहिनींनी सांगितल्यावर सगळा उलगडा झाला. त्यांनी काड्यापेटी माझ्यापुढं धरली, आत त्यांच्या ढाबळीतली शीट होती. "सूनबाई, हे बी बघ. आमचंच तुमाला आलं असंल तर मला कळू दे. न सांगता ऱ्हाऊ नको."

रविवार असूनही मी लॅब उघडली. दोघं मागोमाग आले आणि पेशंटच्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसले. मीठ, गाळणी, नळी, काच, सगळं परत. पाव्हण्यांच्या शीटेतही दोन्ही अंडी होती, फक्त मोठी गोल जास्त आणि लिंबाची थोडी. मी तसं सांगितल्यावर पाव्हण्यांच्या तोंडावर एकदम कळा आली.

"म्हंजे लिंबाचे तुमचेच," ते मामांना म्हणाले. "आमी दिले ते गोल."

मामा म्हणाले, गोल असो न्हाईतर लांबट, आमच्याकडं आधी एक बी नव्हता. पाव्हणे म्हणाले, कशावरून, तपासलं होतं का कधी? मग दोघांनी मिळून माझ्याकडं बघितलं. मी परत तेच सांगितलं, खोक्यांचं आणि विहिरीवरच्या कबुतरांचं. त्यातलं खोक्यांचं दोघांना एकदम पटलं, कारण त्यात दोघांपैकी कुणाचंच घर नव्हतं. टेम्पोवाल्याच्या खोक्यांना दोघांनी मिळून यथेच्छ नावं ठेवली आणि बोलत बोलत घरी आले.

त्यानंतर पुढचे काही आठवडे मामा तेलगावलाच जास्त असायचे. पाव्हण्यांच्या ढाबळीत माणसं कामाला होती, पण जाळी किती उंच ठोकायची, चुना किती पातळ कालवायचा, मोज्याचं टोक कुठं कापायचं, हे सांगायला मामाच हवेत. दुसरा डोस दोन्हीकडं ठरल्याप्रमाणं झाला. नवीन पाखरू आणलं तर आधी वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचं आणि त्याची शीट तपासल्याशिवाय ढाबळीत सोडायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. आणि हंगाम सुरू होण्याआधी पाव्हण्यांनी आपलं सगळं वजन वापरून ग्रुपमध्ये एक नियम करून घेतला. प्रत्येक फेरीनंतर टेम्पोतली खोकी धुऊन उन्हात वाळवायची. काही जणांनी कुरकुर केली. मग त्यांतलेच दोघं-तिघं हळूच काड्यापेटी घेऊन माझ्याकडं आले. माझ्या बाकड्यावर आता शुगरवाल्या आजीशेजारी एखादा कबुतरवाला बसलेला असे, आणि तू काय तपासायला आलास, असं आजी त्याला विचारी तेव्हा तो बाहेर बघे.

मी शेवटची तपासणी केली तेव्हा आमच्या ढाबळीतल्या शीटेच्या काचेवर एक-दोन अंडी दिसली, तीही बऱ्याच शोधानंतर. अगदी शून्य होणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. लक्ष ठेवायचं, तपासत राहायचं, उगाच दर महिन्याला औषध ओतायचं नाही. मामांना हे पटायला वेळ लागला नाही. निळ्या मादीचं अंग भरलं होतं, शीट घट्ट आणि वर पांढरी टोपी घातल्यासारखी पडत होती. कबुतरवाल्याला याहून सुंदर दृश्य नाही, हे मला त्या घरात गेल्यावर कळलं.

हिवाळ्यातल्या पहिल्या मोठ्या शर्यतीला पाखरं कर्नाटकाच्या बाजूला नेऊन सोडली. सकाळपासून मामा गच्चीवर. मी लॅबला सुट्टी दिली होती. नवरा शनिवारची शाळा सकाळची म्हणून दुपारी आला. आत्या तूर निवडायला म्हणून सूप घेऊन वर बसल्या होत्या आणि सुपाकडं बघत नव्हत्या. ऊन कलायला लागलं तेव्हा दक्षिणेकडून एक ठिपका आला. मामांनी हाताची सावली केली. ठिपका मोठा झाला, त्यानं पत्र्यावरून एक वळसा घेतला आणि तो थेट ढाबळीच्या तोंडातून आत शिरला. पत्र्यावर बसणं नाही, पिसं फुगवणं नाही, काही नाही. निळी मादीच.

मामा आत गेले, तिला दोन्ही हातांत धरून बाहेर आले आणि तिच्या छातीवरून अंगठा फिरवत उभे राहिले. काहीतरी पुटपुटत होते. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो आणि वेळ चालला होता.

"अवं, फोटू!" आत्या म्हणाल्या.

मामा दचकले. खिशातला फोन काढला, तो हातातून सुटून सुपात पडला, तुरीतून वर काढला, मग नवऱ्यानं फोटो घेतला आणि एकदाचा ग्रुपवर टाकला. या सगळ्यात जो वेळ गेला तेवढ्यानंच तेलगावचं पाखरू वर सरकलं. हिशोब झाल्यावर पाव्हण्यांचा पहिला नंबर आणि मामांचा दुसरा.

मला वाटलं, आता मामा जेवणार नाहीत. पण ते निवांत होते. फोटोला वेळ झाला तर झाला, पाखरू घरी सरळ आलं, असं त्यांनी आम्हाला दोन-तीनदा ऐकवलं. दिवेलागणीला पांढरी गाडी आली. पाव्हण्यांच्या हातात जिलेबीचा पुडा होता आणि चेहऱ्यावर जिंकलेल्या माणसाची कळा. त्यांनी पुडा आत्यांच्या हातात दिला, बसासुद्धा म्हणू दिलं नाही, आणि निळी कुठं हाय ते दाखवा म्हणत मामांच्या पुढं जिना चढायला लागले. आत्यांनी मला चहा टाकायला सांगितलं. दोघं खाली येईपर्यंत तो दोनदा गरम करावा लागला.